मालकांची मिशी

आमच्या मालकांकडे मोबाइल होता, पण ते तो फक्त वेळ बघायला वापरत. भाडेकरूंशी बोलायचं असलं की ते गच्चीवर चढत, कमरेवर हात ठेवत आणि हाक मारत. "तीन नंबर! पानी सुटलंय, बादल्या लावा!" तीन नंबरचा मुलगा तोवर कंपनीच्या बसमध्ये बसून हिंजवडीच्या रस्त्याला लागलेला असे, तरी त्याला ते ऐकू गेलं असणार याबद्दल मला शंका नाही.

घोटावड्यात त्यांच्या खोलीत मी चार वर्षं राहिले. रस्त्याकडेचं थोडं रान विकून त्यांनी घरामागे खोल्या बांधल्या होत्या, आणि त्यात माझ्यासारखी नोकरीवाली माणसं भरली होती. मालक आम्हाला नावानं ओळखत नसत. एक तर खोलीच्या नंबरानं ओळखत, नाहीतर त्यांनी स्वतःच ठरवलेल्या धंद्यानं. मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. पण माझा चष्मा आणि खांद्यावरची पिशवी बघून त्यांनी मला पहिल्याच दिवशी मास्तरीणबाई करून टाकलं. मी दोनदा दुरुस्ती करून पाहिली. "व्हय व्हय," ते म्हणाले, "पन शाळा कुटली?" त्यानंतर मी नाद सोडला.

टीव्हीवरच्या बातम्या ते उभं राहून ऐकत आणि बातम्या देणाऱ्या मुलीला मधेमधे उत्तरं देत. खोल्यांचं पाणी स्वतः चाखून बघत. एखाद्या खोलीतून दोन दिवस फोडणीचा वास आला नाही, तर दार वाजवून विचारत, "काय, उपासतापास चाललाय का भांडन झालंय?" आणि उत्तराची वाट न बघता मालकीणबाईंना ओरडून सांगत, की चार नंबरला कालवण द्या. मला हा आगाऊपणा सुरुवातीला अजिबात आवडला नव्हता. पुढे एकदा मी तापानं पडले असताना त्याच आगाऊपणानं मला तीन दिवस भात-आमटी घातली. तेव्हापासून माझं तोंड बंद आहे.

त्यांचं एक आवडतं तत्त्वज्ञान होतं. "वरडनाऱ्याच्या प्वाटात काय ऱ्हात न्हाई, मास्तरीणबाई. गुपचूप मानसाला भ्यावं."

आवाजाखालोखाल त्यांचं वैभव म्हणजे मिशी. भरघोस, पांढरी, गालांवरून कानांकडे निघालेली. भाकरीवर तूप नसलं तरी चाले, मिशीला रोज लागे. साठी उलटलेला हा मिशीवाला गडी आपल्या बापाला मात्र असा भीत असे, की मला हसू आवरत नसे. बाप म्हणजे तात्या. नव्वदीला टेकलेले, पण पाठ ताठ. दिवसभर पुढच्या ओट्यावर बसून रस्ता बघत. मालक विडी ओढत ती गोठ्याच्या मागे जाऊन, आणि तात्यांची काठी नुसती वाजली तरी विडी शेणात फेकत. नातवंडं झालेला माणूस, पण बापापुढे विडी ओढायची त्याची छाती नव्हती.

तात्यांचे कान पार गेले होते. सुनेचं ऐकू येत नसे, फटाक्यांचं येत नसे. पुण्याहून नातवानं आणलेलं कानातलं यंत्र त्यांनी एक दिवस घातलं, आणि "ह्यात निसता वारा बोलतुया" म्हणून काढून ठेवलं. त्यांना जगात एकच आवाज ऐकू येई, तो मालकांचा. काय पिकलं, कोण वारलं, आज कालवण कशाचं, सगळं त्यांना लेकाच्या तोंडून कळे. मालक ओट्यासमोर उभे राहून रोज संध्याकाळी बापाला गावाच्या बातम्या ओरडून सांगत. आमच्या सगळ्या खोल्यांनाही त्या आयत्याच कळत.

आणि हाच आवाज बसला.

आधी सर्दी म्हणून झालं, मग धुरळा म्हणून, मग वय म्हणून. ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं, पौडच्या डॉक्टरांची औषधं झाली. आवाज काही सुटेना. शेवटी मालकीणबाई माझ्याकडे आल्या. मी त्यांना मावशी म्हणत असे. "तुमी शिकल्याल्या हाय. ह्यास्नी पुन्याला दाखवून आना. मला लक्षन बरं दिसंना," त्या म्हणाल्या. मी गाडी काढली.

पुण्याच्या दवाखान्यात नळी घालून घसा बघितला, तुकडा काढून तपासायला दिला, आणि आठवड्यानं निदान आलं. स्वरयंत्राचा कॅन्सर. डॉक्टर तरुण बाई होत्या, बोलायला सरळ. त्या म्हणाल्या, "गाठ लहान आहे, वेळेवर आलात. किरणं दिली तर गाठ जाईल आणि आवाजही बहुतेक राहील. काही गाठी किरणांना दाद देत नाहीत, मग औषधाची जोड द्यावी लागते. तुमची तशी वाटत नाही. मात्र उशीर केलात आणि गाठ वाढली, तर मग स्वरयंत्रच काढावं लागेल."

मालकांनी मान डोलावली. गाडीत बसल्यावर घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाले, "तात्यास्नी कळता कामा नये."

किरणांच्या आधी मुखवटा करतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. गरम पाण्यातून काढलेली मऊ जाळी तोंडामानेवर पसरतात, ती गार होऊन तोंडाच्या आकाराची कडक होते, आणि मग रोज ती लावून माणसाला टेबलाला जखडतात, म्हणजे मान हलत नाही आणि किरणं नेमकी जागेवर पडतात. तिथल्या मुलानं मालकांना सगळं नीट समजावलं. मग त्यांच्या मिशीकडे बघून म्हणाला, "काका, दाढी-मिशी साफ करून यावं लागेल हां. जाळी तोंडाला चिकटून बसली पाहिजे."

मालक उठले, टोपी घातली आणि चालू लागले. मी पार्किंगपर्यंत मागे पळत गेले.

त्या दिवसापासून त्यांनी एकेक सबब काढायला सुरुवात केली. किरणांनी अंग भाजतं. मोटरीचं बघायला कोण आहे? भाताची लावणी तोंडावर आली आहे. फाट्यावरच्या कुणाला तरी किरणांनी काहीच गुण आला नाही. मावशी रडल्या, भांडल्या, दोन दिवस जेवल्या नाहीत. गाठ हट्टी नव्हती, मालक होते. आणि दर दिवसाला आवाज आणखी खाली जात होता. गच्चीवरून हाक येईनाशी झाली. संध्याकाळी ते ओट्यासमोर उभे राहत, तोंड उघडत, आणि तात्या कानामागे हात धरून म्हणत, "काय? मोट्यानं बोल की!"

एक दिवस मी त्यांना गोठ्यामागे गाठलं. विडी नव्हती हातात, नुसतेच बसले होते. मी चिडूनच विचारलं, "मालक, खरं काय ते सांगा. कशाची भीती वाटतेय? मशीनची?"

"मशीनला कोन भितंय?" ते कुजबुजले. "बाप जिता हाय माजा, मास्तरीणबाई."

मी सोलापूरकडची. मला पुढचं सांगावं लागलं नाही. बाप गेला की मुलगा मिशी उतरवतो. बाप जिवंत असताना उतरवली, तर तो जित्या बापाला मेला म्हणण्यासारखा प्रकार. तरी मी शहाणपणा केलाच. म्हटलं, "माझ्या ऑफिसात निम्म्या लोकांना मिशी नाही. त्यांचे वडील ठणठणीत आहेत."

"त्येंनी कंदी ठिवलीच न्हाई. ठिवल्याली काढनं येगळं." मग बराच वेळ घसा खाकरून म्हणाले, "माज्या पायी तात्यास्नी काय झालं तर? आवाज गेला तर गेला. मी माज्या हातानं बापाची माती करायची न्हाई."

एवढ्या मोठ्यानं जगणारा माणूस ही एक गोष्ट महिनाभर पोटात घेऊन फिरत होता. मला त्याचा राग आला आणि कीवही आली. मी जाऊन मावशींना सांगितलं.

मावशींनी कपाळाला हात लावला. "येवढंच व्हय? मला वाटलं भ्यालं." मग पदर खोचून त्या थेट ओट्यावर गेल्या. आता ठार बहिऱ्या माणसाला एखादं गुपित सांगायचं म्हणजे काय, याचा त्यांनी विचार केला नसावा. त्यांनी तात्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडल्या, "तुमच्या ल्येकाला घशाचा क्यान्सर झालाय!"

खोल्यांची दारं उघडली. रस्त्यावरून चाललेला दूधवाला थांबला. मालक गोठ्यातून हात हलवत धावत आले, पण ओरडून थांबवायला त्यांच्याकडे आवाज कुठे होता?

तिसऱ्यांदा ओरडल्यावर तात्यांना कळलं. आता हे कोसळणार म्हणून मी पाण्याचा तांब्या घेऊन तयार उभी. तात्यांनी लेकाला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "म्हंजी इडी वढत हुतास व्हय रं?"

साठीचे मालक खाली मान घालून उभे राहिले.

"औषिद काय?" तात्यांनी सुनेला विचारलं. मग किरणं, मुखवटा, मिशी, असं सगळं पुन्हा ओरडून झालं. मिशीचं कळल्यावर तात्या उठले. काठी टेकत आत गेले. मालक माझ्याकडे असे बघत होते, की मला खोली सोडावी लागणार असं वाटलं.

सकाळी उठून बघते, तर तात्या ओट्यावर बसलेले. लग्नाला जायचं असल्यासारखं कडक धोतर, डोक्याला फेटा. शेजारी गावचा न्हावी वाटी-वस्तरा घेऊन. तात्यांनी आम्हा सगळ्या भाडेकरूंना अंगणात बोलावलं होतं, शेजारपाजाऱ्यांनाही. मालकांना समोर पाटावर बसवलं.

"मी काढनार," तात्या न्हाव्याला म्हणाले.

न्हाव्याचा चेहरा उतरला. नव्वदीचा थरथरता हात आणि नवं पातं. पण तात्यांनी वस्तरा घेतला, न्हाव्यानं त्यांचं मनगट धरलं, आणि दोघांनी मिळून पहिला हात फिरवला. मालकांनी डोळे मिटून घेतले होते. मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि साबणात मिसळत होतं. उजवी बाजू उतरल्यावर तात्यांनी वस्तरा न्हाव्याकडे दिला, अंगणाकडे तोंड केलं आणि म्हणाले, "बघा रं समद्यांनी. म्याच काढली. आन् मी जिता हाय."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मावशी पदराआड रडत होत्या, मीही रडले. तीन नंबरच्या मुलाला यातलं काहीच समजलं नाही, पण तोही चष्मा पुसत होता.

एवढ्यावर भागायला हवं होतं. पण अंगणात नसलेली माणसं गावात पुष्कळ होती, आणि त्यांना दिसली ती फक्त मालकांची उघडी जिवणी. दुपारपर्यंत घोटावडे फाट्यापासून पौडपर्यंत बातमी गेली की तात्या गेले. चारच्या सुमाराला कासार आंबोलीहून टेम्पो आला. त्यातून तात्यांची धाकटी बहीण, म्हणजे मालकांची आत्या, तिचा नवरा आणि सगळं गणगोत उतरलं. हातात दुखवट्याला द्यायची टॉवेल-टोपी. आत्याबाईंनी फाटकातच हंबरडा फोडला. मेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं दुःख वेगळं होतं. "माज्या दादाची माती केली आन् मला सांगावा बी धाडला न्हाई गं!" मालकांची ती उघडी जिवणी बघून आत्याबाईंनी त्यांच्या पाठीत दोन गुद्दे घातले. मालक हात जोडून काहीतरी सांगत होते, पण आवाज फुटत नव्हता. ते बघून बायकांना आणखीच रडू आलं. बापाच्या दुःखानं वाचा गेली म्हणाल्या.

तेवढ्यात तात्या आतून झोपमोड होऊन काठी टेकत बाहेर आले. ऐकू तर काहीच येत नव्हतं. बहीण ऊर बडवतेय एवढंच दिसलं. ते हळूच तिच्याशेजारी बसले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि समजूत काढत म्हणाले, "रडू नगं बाय. वय झालंतं त्येचं. सुटला बिचारा."

आत्याबाईंचा नवरा मागेच उभा होता.

ते अंगण तेव्हा जसं हसलं, तसं हसणं मी पुन्हा कुठे ऐकलं नाही. मालक तर आवाज नसताना हसत होते, नुसते खांदे गदगदत होते. आत्याबाईंनी आणलेली टोपी परत न्यायला काढली, तर तात्यांनी ती घेऊन डोक्यावर घातली. "आनलीया तर ऱ्हाऊ द्या. पुना कशाला हेलपाटा?"

किरणं सुरू झाली. आठवड्याचे पाच दिवस, सहा-सात आठवडे. कधी त्यांचा पुण्याचा मुलगा नेई, कधी मी. मालकांनी मुखवट्याबद्दल एकदाही कुरकुर केली नाही. जाळीखाली पडल्यावर काय करता, असं मी विचारलं, तर पाटीवर लिहिलं, "झोपतो." मानेची कातडी काळी पडली, गिळताना डोळ्यांत पाणी येई, आणि मावशी भाताची पेज गार करून चमच्या-चमच्यानं भरवत. बोलायला पूर्ण बंदी होती. पण घर चालवायचं सोडतील तर ते मालक कसले? त्यांनी गच्चीवर एक जुनी परात टांगली आणि पळी घेतली. एक ठोका म्हणजे एक नंबर, तीन ठोके म्हणजे तीन नंबर. लांबलचक ठणठणाट म्हणजे पाणी सुटलं. आम्ही आठवडाभरात ती भाषा शिकलो. पण रागाचे ठोके कुठले आणि मायेचे कुठले, ते मात्र कधीच कळलं नाही, कारण आपटण्याचा जोर सारखाच असे.

परात तात्यांना ऐकू येत नव्हती. त्यांचं जगच बंद झालं होतं. संध्याकाळी मालक त्यांच्याशेजारी ओट्यावर जाऊन बसत. दोघंही रस्ता बघत. एकाला बोलता येत नाही, एकाला ऐकू येत नाही. मी कामावरून येताना ती दोन टाळकी बघायची आणि मला वाटायचं, की गाठ गेली आणि आवाज परत नाहीच आला, तर तात्यांना आता जगाचं काय कळणार? डॉक्टरबाई धीर देत होत्या, पण खात्री त्यांनीही दिली नव्हती.

शेवटच्या दिवशी दवाखान्यातून मालकांनी मुखवटा मागून घरी आणला. तो त्यांनी भाताच्या खाचरातल्या बुजगावण्याला बसवला, आणि कोळशानं त्याला कानापर्यंत मिशी काढली. मावशींना ते अभद्र वाटलं. मला विचाराल तर पाखरं त्याला बिलकुल भ्यायली नाहीत, पण रस्त्यानं जाणारी दोन-चार ओळखीची माणसं लांबून रामराम घालून गेली.

पुढच्या तपासणीत गाठ नव्हती. डॉक्टरबाईंनी आरशातून घसा बघितला, हसल्या, आणि म्हणाल्या, "हळूहळू बोलायला लागा. पण काका, ओरडायचं नाही. हा आवाज आता जपून वापरायचा." मालकांनी माझ्याकडे बघितलं. न ओरडता बोलतात कसं, हेच त्यांना माहीत नव्हतं.

घरी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. तात्या ओट्यावर होते. मावशी चहा घेऊन आल्या, तर मालकांनी कपबशी त्यांच्या हातातून घेतली, तात्यांच्या हातात दिली आणि बापाशेजारी टेकले. आम्ही सगळे उगाचच अंगणात रेंगाळत होतो. मालकांनी तोंड तात्यांच्या कानाशी नेलं आणि बोलले. आवाज निराळाच होता, खरखरीत आणि बारीक. चार हातांवर उभ्या असलेल्या मलाही तो जेमतेम ऐकू आला.

"तात्या, बरा झालो मी."

तात्या दचकले. बशी हिंदकळली, धोतरावर चहा सांडला. त्यांनी लेकाकडे वळून बघितलं. डोळे भरून आले होते, पण कपाळाला आठ्या होत्या.

"वरडतुयास कशाला?" ते म्हणाले. "भयरा हाय का मी?"